खोडलेली सहा पानं

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. १९९७ च्या हिवाळ्यात, एका रविवारी, कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या वर्गात, चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना. चारला पेपर गोळा होणार होते. त्या दहा मिनिटांत तिने स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, उत्तरपत्रिकेच्या सहा पानांवर तिरक्या रेघा मारल्या. तिचं पुढचं शिक्षण त्या सहा पानांवर होतं.

पत्रकाची सुरुवात अशीच करायची असते. आमच्या गल्लीतल्या जयंती मंडळाची पत्रकं लिहिणाऱ्या काकांनी मला ते शिकवलं. "पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला आणि कवा, ते. दुसऱ्या ओळीत कुणी केला. शेवटच्या ओळीत मागणी. मधी काय रडायचं ते रड." पहिली ओळ मी लिहिली. दुसऱ्या ओळीवर मी बारा वर्षं अडकून आहे.

आम्ही कबनूरचे; कोल्हापूर जिल्ह्यातलं यंत्रमागांचं गाव. आमचे वडील, आबा, दुसऱ्याच्या शेडमध्ये चार माग चालवायचे. आक्का दहावीत होती, मी आठवीत. शाळा सुटली की आक्का शेडमध्ये कांड्या भरायला जायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. ती संपली की माग थांबतो, म्हणून भरलेल्या कांड्यांची पेटी कायम तयार ठेवावी लागते. आक्काचे हात ते काम करायचे आणि डोकं भलतीकडे असायचं. कुठे, ते आम्हाला त्या वर्षीच्या जूनमध्ये कळलं.

कोल्हापूरचे एक निवृत्त प्राध्यापक शाळेशाळेत जाऊन गणिताच्या स्पर्धेसाठी मुलं हुडकायचे. ते आमच्या शाळेत आले. आठवी ते दहावी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: १, ११, १११, ११११... "असे नुसते एक-एक लिहीत गेलं, तर कधीतरी सातने पूर्ण भाग जाणारा आकडा मिळेल का?"

पोरं भागाकार करायला लागली. आक्का हात बांधून बसली.

"तू का गं करत नाहीस?" सरांनी विचारलं.

"मिळणारच की सर. न मिळून जातोय कुठं?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "कशावरनं?"

आक्का उभी राहिली. "सातनं भागलं की बाकी शून्य ते सहा, सातच तऱ्हेची उरती. म्हणजे पेटीला खण सात. आपण आकडे घेऊ आठ. आठ कांड्या सात खणांत टाकल्या तर एका खणात दोन बसणारच. त्या दोघांची बाकी सारखी. मोठ्यातनं धाकटा वजा करायचा. पुढं नुसते एक उरत्यात, मागं नुसती शून्यं. त्याला सातनं भाग जातोय. शून्यं म्हंजे दहानं गुणलेलं, आन् दहाचं सातशी काय घेणं-देणं न्हाय. मग शून्यं टाकून द्यायची. उरले एक-एक. झालं."

सरांनी खडू खाली ठेवला. ती पुढच्या रविवारपासून त्यांच्याकडे जायला लागली.

एकट्या पोरीला कोल्हापूरला पाठवत नाहीत, म्हणून सोबत मी. सरांच्या व्हरांड्यात दहा-बारा पोरं, त्यात मुली दोन, एक आक्का आणि एक मी, जी गणितासाठी आलेलीच नव्हती. सरांची रीत वेगळी होती. वही-पेन बंद. फरशीवर खडूने आकृती काढायची आणि तोंडी सांगायचं. "उत्तर मला माहीत आहे. कारण सांग," हे त्यांचं पालुपद. कारण सांगताना कोणी चाचरलं तर सर म्हणायचे, "पुसा, पुन्हा." आक्का फरशीवर उकिडवी बसून वर्तुळाला स्पर्शिका काढायची, चौकोनाचे समोरासमोरचे कोन जुळवायची, आणि तिच्या ओढणीला खडू लागलेला असायचा. मला निम्मंच कळायचं. पण ती बरोबर बोलतेय हे सरांच्या मानेवरून कळायचं.

शेजारच्या काकू एस.टी. स्टँडवर हटकायच्या. "काय गं, भूमिती शिकल्यावर भाकरी गोल हुती व्हय?"

"हुती की काकू," आक्का म्हणायची. "तुमची बघितली परवा. तुमीबी या रविवारी."

आबांनी तिला शब्द दिला होता. दिला म्हणजे भावकीसमोर, सगळे जमले असताना. चुलत्याचं म्हणणं, दहावी झाली की पोरगीला कांड्यांवर पुरा वेळ घाला, दोन वर्षांत पाहुणे बघू. आबा म्हणाले, "ह्या परीक्षेत निवड झाली तर ती अकरावीला कोल्हापुरात. सायन्सला. मी घालणार. न्हाय झाली तर तुमी म्हणता तसं." चुलत्याने मान डोलवली. त्याला खात्री होती, कबनूरच्या पोरीची निवड कशी होतेय. आम्हाला खात्री होती, कशी होत नाही.

आता शाळेचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या शाळेत गणिताच्या पेपरला नीटनेटकेपणाचे वेगळे गुण असायचे. पानाच्या उजवीकडे समास ओढायचा, तिथे कच्चं काम करायचं, मोठं असेल तर मागच्या पानांवर. उत्तर पक्कं झालं की कच्च्यावर पट्टीने तिरकी रेघ मारायची. बाई म्हणायच्या, "कच्चं काम म्हणजे घरातला पसारा. पावणं आल्यावर दाखवता व्हय रे?" न खोडता पेपर दिला की तळहातावर पट्टी. मी सहामाहीत दोन पट्ट्या खाल्ल्या होत्या. विसरले होते खोडायला.

त्या रविवारी सकाळी स्टँडवर मला तेच आठवलं. आक्काचे नुसते ओठ हलत होते. मला वाटलं, आपणही तिच्या काहीतरी कामाला यावं. गणितातलं मी काय सांगणार? म्हणून म्हणाले,

"आक्का, काय बी हुंदे, कच्चं खोडायला इसरू नको हं. मार्क जात्यात. पट्टी घेतलीस न्हवं?"

"घेतली की." तिने कंपासपेटी वाजवून दाखवली.

कॉलेजच्या फाटकाबाहेर मी तीन तास उभी होते. ती बाहेर आली ती हसतच. सहा गणितं होती. चार सुटली. एक बीजगणिताचं, दोन भूमितीची, आणि चौथं सांगताना तर तिने माझा दंडच धरला. "अगं, तेच आलतं! नुसत्या एकांचं! सातच्या जागी १९९७. पेटीला खण १९९७, दुसरं काय?"

"मग सगळं लिवलंस?"

"मागच्या पानांवर सगळं लिवलं. पुढं पक्कं करायला घेतलं, तवर दहाच मिंटं उरली. बीजगणिताचं पक्कं झालं. बाकीच्यांची नुसती उत्तरं पुढं लिवली. एकांच्या गणिताला लिवलं, 'होय, अशी संख्या असते.' आन् मग कच्चं खोडून टाकलं सगळं. पट्टीनं."

मी म्हणाले, "ब्येस केलंस."

हो. मीच म्हणाले.

निकालात तिचं नाव नव्हतं. तीन गणितांना शून्य. सर कबनूरला घरी आले. शेडमधून आबाही आले, अंगावर कापसाची पिंजर तशीच. सरांनी आक्काला चारही गणितं तोंडी सांगायला लावली. तिने सांगितली. एकदाही चाचरली नाही.  त्यांनी ओळखीतून चौकशी केली होती. परीक्षकाचं म्हणणं होतं, मुलीने ती पानं स्वतःच खोडली आहेत, म्हणजे तिलाच ती चूक वाटली असणार. खोडलेलं वाचायचं नसतं, तो नियमच आहे.

"बाळ, खोडणं म्हणजे मागे घेणं," सर म्हणाले. "तू तुझी कारणं मागे घेतलीस. नुसतं 'होय' ठेवलंस. कारण हाच तर पेपर होता."

"पण सर, ते कच्चं होतं."

"तेच पक्कं होतं गं!" सर म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, "लिहायचं कसं ते मी शिकवलंच नाही. सगळं फरशीवर. येत असेल असं धरून चाललो." आणि मग तिला विचारलं, "तुला खोडायला कोणी सांगितलं?"

मी दाराला टेकून उभी होते. आक्काने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

"कुणी न्हाय सर. सवयच हाय."

 आबा म्हणाले, "सर, आमच्याकडं कापडाचा तागा तपासायला टेबलावर घेत्यात. नापास करायच्या आधी उलटा करून बघत्यात. उलट्या बाजूला धागा कसा गेलाय ते बघितल्याबिगर कुणी शिक्का मारत न्हाय. ह्यांनी माझ्या पोरीचं पान उलटून बघितलं न्हाय व्हय?"

सर चहा न घेताच उठले. 

मी मंडळाच्या काकांकडे गेले आणि आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. पत्रक कसलं, अर्ज होता, परीक्षा घेणाऱ्यांच्या नावे. पहिल्या ओळीत आक्का आणि ती दहा मिनिटं. दुसऱ्या ओळीत, अन्याय करणारे: परीक्षक. शेवटी, आमची मागणी: खोडलेली पानं वाचा. रेघ पट्टीने मारलेली आहे, खालचं सगळं स्वच्छ दिसतं. काकांनी वाचून पाठ थोपटली. "आग हाय पोरगीत." महिन्याने छापील पत्र आलं. उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या जात नाहीत. खाली सही सुद्धा छापलेली.

मी आणखी दोन अर्ज पाठवले. उत्तर आलं नाही. त्या दुसऱ्या ओळीत मी प्रत्येक वेळी 'परीक्षक' लिहिलं. एकदा 'शाळा' लिहून बघितलं. माझं नाव लिहायला माझा हात वळला नाही, आजवर.

आबांना वाटत होतं, शब्द फिरवावा. ते चुलत्याकडे गेलेही. चुलता म्हणाला, "दादा, अट कुणी घातली? तुमीच की." आबा परत आले आणि मागावर गेले. मी त्यांच्याशी चार महिने बोलले नाही. वाटायचं, माणूस भावकीला भितो. आता वाटतं, भावकीत त्यांच्याकडे शब्दाशिवाय दुसरं होतं काय? हे समजतं, आणि समजून काही बदलत नाही. त्यांना तरी माफ करू का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दहावीला आक्काला गणितात शाळेत सगळ्यात जास्त गुण मिळाले. नीटनेटकेपणाचे पैकीच्या पैकी. जूनपासून ती कांड्यांवर पुरा वेळ. सर एकदा येऊन गेले, मग यायचे थांबले. मी बारावी केली, पुढे शिकले, पत्रकं लिहायला लागले: मुलींच्या शाळेची, शाळेला जाणाऱ्या एस.टी.ची, कशाकशाची. सभेत लोक मला बोलायला उभं करतात. कोणी म्हणतं, ही पोरगी कुणाला भीत नाही.

आक्का आता कागलला असते. भाऊजी पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहेत, माणूस चांगला. मुलगी दुसरीत. गेल्या आठवड्यात मी गेले होते. पोरगी वजाबाकी करत बसली होती. हातचा घ्यायचं तिला जमत नव्हतं, म्हणून तिने वहीच्या शेवटच्या पानावर एक शिडी काढली होती. बावन्नपासून एक-एक पायरी खाली उतरत होती. मधेच तिला सुचलं असावं, कारण दहा-दहाच्या पायऱ्यांना तिने लांब रेघ दिली होती आणि त्यावरून उड्या मारल्या होत्या. कोणी शिकवलेलं नव्हतं ते. मी विचारलं, तर म्हणाली, "असं लवकर खाली येतंय."

आक्काने स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन वही बघितली. शिडीवरून बोट फिरवलं, वरून खाली, सावकाश. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिने कंपासपेटीतून पट्टी काढून पोरीच्या हातात दिली.

"उत्तर पुढं लिवलंस न्हवं? मग हे खोड आता. बाई मारतील."

पोरीने जीभ बाहेर काढून, पट्टी धरून, तिरकी रेघ मारली. सरळ आली. आक्का म्हणाली, "ब्येस केलंस."

मी समोर बसले होते. सभेत माईकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलणारी मी. एक शब्द निघाला नाही. कोणत्या तोंडाने सांगू, की खोडू नको? तिला ते कोणी सांगितलं होतं?

म्हणून दुसरी ओळ आज लिहून टाकते. अन्याय करणारी: मी, धाकटी बहीण. माझ्या मागे शाळा, परीक्षक, भावकी, सगळे आहेत आणि मी त्यांना सोडणार नाही. पण ते वाक्य माझं होतं.

आणि शेवटची ओळ, मागणी. ती तुमच्याकडे आहे, कारण माझ्या आक्काच्या घरात मला ती करता आली नाही. आज घरी गेल्यावर मुलीची गणिताची वही मागच्या पानाकडून उघडा. तिरकी रेघ दिसली तर रेघेखालचं वाचा, कळलं नाही तर तिलाच विचारा, आणि ती सांगेल तोवर उठू नका. पेपर तपासायचं काम तुमच्याकडे असेल तर पान उलटा. आणि तिच्या हातातली पट्टी काढून घ्या.