गोडं तेल बंद

तेलातलं आपल्याइतकं अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कुणाला कळत नाही, अशी भैय्यालाल मारबतेची पक्की समजूत होती. कढईला त्याने जन्मात हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी. तो तलावात जाळं टाकायचा, मासोळी आणून बायकोपुढे ओतायचा आणि मग बाजेवर बसून, तळणाऱ्याने कसं तळावं यावर बोलत राहायचा. आंबागडहून चिखल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तलावाच्या पाळीला लागून त्यांची टपरी होती. तळायची ताराबाई, खायचे खाणीचे ट्रकवाले आणि अक्कल वाटायचा भैय्यालाल. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

ताराबाई तळायची फल्लीच्या तेलात. घाणीवरून आणलेलं, ताजं, डबा उघडला की शेंगदाण्याचा वास सुटणारं. आपल्याकडची जुनी माणसं त्याला गोडं तेल म्हणतात, ताराबाईही तेच म्हणायची. तेल तापलं का हे ती बेसनाचा थेंब टाकून बघायची. थेंब तळाशी बसून राहिला तर थांबायचं, पडल्या पडल्या काळा झाला तर कढई उतरवायची. मासोळी तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी परत कढईत घालायचं नाही, हा तिचा कायदा. उरलेलं ती शेजारच्या बंडीच्या चाकांना देऊन टाकायची, त्यामुळे गावातली मांजरं त्या बंडीमागे हिंडायची.

भैय्यालालला हे तेल मिळमिळीत वाटायचं. निदान तो तसं म्हणायचा. लग्न झाल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं. त्याची माय जवसाच्या तेलात तळायची, त्या तेलात दम होता, ते खाऊन त्याचा बाप म्हातारपणीही तलाव पोहून पार करायचा, आणि आताच्या बायांना ते जमणार नाही. माय कधीच वर गेली, पण तिचं तेल भैय्यालालने काही खाली ठेवलं नाही. हे बोलता बोलता ताटातले फल्लीच्या तेलातले तुकडे एकामागून एक गायब व्हायचे आणि तो ताट पुन्हा पुढे करायचा.

एके दिवशी तलावात त्याच्या तळपायात मासोळीचा काटा घुसला. जखम लहानशी, पण ती काही भरेना. वर पायाला मुंग्या यायला लागल्या. भैय्यालाल हळद लावून मोकळा झाला, पण ताराबाईला भावाचा पाय आठवला. तिचा मोठा भाऊ फकिरा आंबागडला राहतो. त्याचीही जखम अशीच लहानशी होती. साखर निघाली, आणि पुढे पाय गुडघ्याखालून कापावा लागला. आता तो ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करतो. ताराबाईने नवऱ्याचं एक ऐकलं नाही. त्याला एसटीत घातलं आणि भंडाऱ्याला नेलं.

डॉक्टरांकडे एका वेळी एकच माणूस आत, असा नियम होता. ताराबाई बाहेर बाकावर बसली आणि शेजारच्या बाईशी तिचं बोलणं सुरू झालं. आत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. साखर वाढली आहे, रक्तात चरबीही आहे, तेव्हा गोड बंद, तळलेलं बंद, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतरही ते बराच वेळ बोलत होते, पण ‘तळलेलं’ या शब्दाला भैय्यालालचे कान बंद झाले ते झालेच. तो मान हलवत राहिला. डॉक्टरांना वाटलं, पेशंट समजूतदार आहे.

बाहेर आल्यावर ताराबाईने विचारलं, काय म्हणाले. भैय्यालालने तोंड पाडून सांगितलं, “साखर हाय. गोड बंद म्हनला.”

“अजून काई?”

“काई नाई.”

एवढं बोलून तो एसटीत खिडकीजवळ जाऊन बसला. गोड त्याला तसंही आवडत नव्हतं. फुकटात सुटलो, असं मनाशी म्हणत त्याला छान झोप लागली.

घरी आल्या आल्या ताराबाईने साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. गुळाची ढेप गेली, पाहुण्याने आणलेली सोनपापडी गेली. भैय्यालाल बाजेवरून हे कौतुकाने बघत होता. मग तिने फल्लीच्या तेलाचा डबा उचलला आणि सांगितलं, की यातलं आता त्याच्या पोटात जायचं नाही. गोडं तेल. नावातच गोड आहे.

भैय्यालाल आधी हसला. मग त्याने समजावलं, की अगं बाई, त्याला नुसतं तसं म्हणतात, त्यात साखर नसते. ताराबाई म्हणाली, मग डॉक्टरांनाच फोन लावून विचारू. तिने पदराला हात पुसून मोबाईल घेतलासुद्धा. भैय्यालालचं हसू जागच्या जागी विरलं. डॉक्टर फोनवर आला की तळलेल्याचा विषय निघणार, हे कळण्याइतकी अक्कल त्याच्याकडे होती. एवढ्याशा गोष्टीसाठी मोठ्या माणसाला कशाला त्रास, असं तो पुटपुटला.

“बरं तं,” ताराबाई म्हणाली. “नाईतरी तुमाले मायचं तेलच पायजे होतं.”

दुसऱ्या दिवसापासून टपरीवर दोन कढया झाल्या. मोठी गिऱ्हाइकांची, फल्लीच्या तेलाची. छोटी भैय्यालालची, जवसाची.

आता जवसाच्या तेलाला नावं ठेवायचं काही कारण नाही. कच्चं घ्या, चटणीवर घ्या, गरम भातावर घ्या, जीव तृप्त होतो. पण ते तेल आचेला सोसत नाही. कडक तापवलं की धुरावतं, डोळे झोंबतात आणि तळलेल्या वस्तूला अशी कडवट चव येते की खाणाऱ्याला आपले सगळे गुन्हे आठवावेत. भैय्यालालची माय त्यात कसं तळायची, देव जाणे. मंद आचेवर तळत असेल, किंवा पोरगं भुकेलं असल्यामुळे काहीही खात असेल.

पहिला तुकडा तोंडात टाकला आणि भैय्यालालच्या डोळ्यांत पाणी आलं. ताराबाईने विचारलं, कशी झाली. तीस वर्षं गायलेलं गाणं आता कोणत्या तोंडाने थांबवणार? तो म्हणाला, मायची आठवण आली.

समोरच्या बाकड्यावर चिखल्याचा गोपीचंद ट्रकवाला रोहूचा सोनेरी तुकडा कुरकुर चावत होता. भैय्याभाऊंच्या कढईतून आपल्या गाडीपेक्षा जास्त धूर निघतो, असं तो म्हणाला आणि दुसरा तुकडा घेतला. भैय्यालालला त्या दिवशी खून करावासा वाटला. कुणाचा, एवढंच ठरत नव्हतं.

मग त्याने तेल बदलायची खटपट सुरू केली. गोपीचंदच्या घरी तांदळाच्या कोंड्याचं तेल वापरत. तळायला चांगलं, वासही येत नाही, असं तो सांगायचा. कोंडा ढोराला घालतात, माणसाला नाही, असं भैय्यालालच त्याला आधी म्हणाला होता. आता त्याने स्वतः तोच विषय काढला. ताराबाईने त्याचंच वाक्य त्याला परत दिलं. करडईचं म्हटलं, तर ते मायने वापरलं नव्हतं. डब्यातलं वनस्पती तूप जिभेला चिकटतं आणि धमन्यांनाही, असं तिने रेडिओवर ऐकलं होतं. शेवटी तो साजूक तुपापर्यंत आला. ताराबाईने विचार केल्यासारखं केलं आणि तूपही गोडच लागतं, असं सांगून छोटी कढई चुलीवर ठेवली.

हळूहळू भैय्यालाल जवसातला तुकडा अर्धा खाऊन ताट सारू लागला. संध्याकाळी ताराबाई पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली मासोळी पुढे ठेवायची, ती तो मुकाट्याने खायचा. पायाची जखम सुकू लागली होती. तिकडे मात्र त्याचं लक्ष नव्हतं. त्याचं सगळं लक्ष मोठ्या कढईवर होतं.

एक दिवस गोपीचंद हात धुवायला नळाकडे गेला. भैय्यालालने इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या ताटातला तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. कुरकुरीत साल, आत मऊ, गरम वाफ आणि तो शेंगदाण्याचा वास. त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा ताराबाई झारा हातात धरून त्याच्याकडेच बघत होती. ती रागावली नाही. सोमवारी भंडाऱ्याला जाऊन, फल्लीचं तेल गोड असतं की नसतं ते डॉक्टरांना एकदा विचारूनच येऊ, एवढं म्हणाली.

भैय्यालालची पाचावर धारण बसली. सोमवार सकाळपर्यंत त्याला ताप आला, मग पोटात दुखलं, मग तलावात फार मासोळी असल्याचं आठवलं. ताराबाई नवी साडी नेसून तयार झाली. पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होती, तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला.

“डॉक्टर तळलेलंबी बंद म्हनला होता,” तो म्हणाला. “मी तुले सांगतलो नाई.”

ताराबाईने बाटलीचं झाकण घट्ट केलं. “मले मालूम हाय. प्लायवूडची भिंत होती. बाकावर बसून सारं आयकली मी.”

पकडलेला चोर आधी चिडतो. भैय्यालालही चिडला. सगळं माहीत होतं तर मग ते काळं, कडू, धुरकट कायले खाऊ घातलं, तेही तळलेलंच होतं ना, असं तो ओरडला. ताराबाईने शांतपणे सांगितलं, की नाही म्हटलं असतं तर त्याने दुसरीकडे जाऊन चोरून दहा खाल्ले असते. इथे तो अर्ध्यावर उठत होता.

“अन् तुमी आपल्या तोंडानं कवा सांगता, याची वाट पाहून राहिली होती,” ती म्हणाली, आणि बाटली पिशवीतून काढून ठेवली. “फकिरादादानंबी वहिनीले अर्धंच सांगतलं होतं.”

भैय्यालाल दारातून बाजूला झाला. तो बाजेवर बसला. तीस वर्षांत पहिल्यांदा तो या बाजेवर गप्प बसला होता. त्याला लाज वाटली, आणि पाय शाबूत असल्याचं भानही आलं. त्याने तळपाय वळवून जखमेची जागा अंगठ्याने दाबून पाहिली. तिथे नवी कातडी आली होती.

भंडाऱ्याची एसटी निघून गेली. ताराबाईने साडी बदलली, मोठ्या कढईत गिऱ्हाइकांसाठी गोडं तेल ओतलं आणि निखाऱ्यावरचं पान उलगडून त्याच्यापुढे ठेवलं. छोटी कढई तिने उपडी करून ठेवली. भैय्यालालने एक घास घेतला, हळूहळू चावला. वासाला चांगली आहे म्हणाला, मऊही आहे, पण मिठाला थोडी कमी वाटते.

“मीठबी कमी करा म्हनला होता,” ताराबाई बेसनाचा थेंब तेलात सोडत म्हणाली. “तेबी आयकली मी.”

हे मात्र भैय्यालालने खरोखरच ऐकलं नव्हतं. तो खाली मान घालून उरलेली मासोळी खाऊ लागला.