रूपाबाईनं द्वारका पाहिली

आमच्या गावची यात्रेची गाडी दर दोन-तीन वर्षांनी निघते. सेनगावकडच्या बऱ्याच गावांची हीच रीत. बस ठरवायची, टपावर पीठ, तांदूळ, शेगड्या बांधायच्या आणि स्वयंपाकाला एक बाई फुकट न्यायची. बाकीच्यांनी भाडं भरायचं, तिनं रांधायचं. आमच्या गाडीची ही बाई म्हणजे रूपाबाई.

काशी, उज्जैन, रामेश्वर, सगळीकडे ती जाऊन आली होती. पण पाहिलं काय, तर काशीत धर्मशाळेचा नळ, उज्जैनला शेगडी आणि रामेश्वरला खरकटी पातेली. तिथं मागच्या बाजूला समुद्र होता म्हणे. लोक दर्शन करून यायचे, ताटावर बसायचे आणि तिला म्हणायचे, "पुण्य तर तुलाच जास्ती, रूपाबाई." या वाक्याची मला भयंकर चीड आहे. एवढं पुण्य मिळत होतं तर एखाद दिवस स्वतः शेगडीपुढं बसायचं होतं की!

२००३ साली द्वारकेची गाडी ठरली. रूपाबाईनं घरचे दोन बोकड विकून सगळ्यांसारखं पुरं भाडं भरलं. तिचा नवरा परमेश्वर शेळ्या राखायला मागे राहिला. गाडीचे पुढारी संतरामभाऊ यांनी पैसे मुकाट खिशात घातले. मी आणि सिंधूबाई, आम्ही दोघी तिच्या मैत्रिणी, तिला मधे घेऊन बसलो. वाटभर घरच्या दशम्या पुरल्या, त्यामुळे स्वयंपाकाचा विषय निघालाच नाही.

तो निघाला द्वारकेत. सकाळी घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरलो, तोच संतरामभाऊंनी पिठाचं पोतं तिच्यापुढं आणून टेकवलं.

"आमी दर्शन करून येतो. दुपारच्याला पोळ्या अन् खिचडी होऊ द्या, रूपाबाई."

"यंदा म्या भाडं भरलं, भाऊ. मी द्वारका पाहायला आले."

"पाहा की मंग संध्याकाळी. द्वारका काय पळून जाती का?"

"जुनी द्वारका समुद्रात बुडाली म्हणून समदे सांगून राहिले. हिचा तरी काय भरोसा?"

सगळी धर्मशाळा हसली. संतरामभाऊंना ते झोंबलं. "गाडीत बसायचं असंल तर गाडीच्या रीतीनं राहा. न्हाई तर इथूनच रेल्वेनं घर गाठा."

रूपाबाईचा चेहरा उतरला. तिला ना पाटी वाचता येत होती, ना एकटीनं कधी रेल्वेत पाय ठेवला होता. मला वाटलं, झालं, आता ही बसणार कणीक मळायला. पण तिनं पोतं उचललं, संतरामभाऊंच्या पायाशी ठेवलं, चपला घातल्या आणि चालू लागली. आम्ही दोघी मागोमाग. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मजा जास्त वाटत होती.

मग आम्ही जिवाची द्वारका केली. छप्पन पायऱ्या चढून देवळात गेलो. शिखरावरची ध्वजा बदलताना माना दुखेस्तोवर वर बघत राहिलो. समुद्रात गुडघाभर पाण्यात शिरलो, तर रूपाबाई लाटेला शिव्या घालत होती आणि हसत होती. वाळूत उंट होता. शेळ्यांत जन्म गेलेल्या बाईनं त्याला मागूनपुढून निरखलं, "ह्ये बी लेंड्याच टाकतंय की!" म्हणाली आणि बिनधास्त वर चढली.

दुपारी रुक्मिणीच्या देवळाला गेलो. ते गावाबाहेर एकटंच उभं आहे. रुक्मिणी म्हणजे आमच्या शेजारच्या विदर्भाची लेक, तेव्हा माहेरच्या माणसानं भेटायला जावं तशा आम्ही गेलो. पुजाऱ्यानं हिंदीत कथा सांगितली. कृष्ण आणि रुक्मिणी दुर्वास ऋषींचा रथ ओढत होते. तिला तहान लागली आणि ऋषींना न विचारता ती पाणी प्याली. म्हणून शाप बसला. नवऱ्यापासून लांब राहणं नशिबी आलं आणि इथलं पाणी खारं झालं.

"थांबा महाराज," रूपाबाई म्हणाली. "रथ तिनं ओढला, अन् पाण्याला परवानगी बसलेल्या माणसाची? काहून?"

पुजारी म्हणाला, "माताजी, ऋषी थे."

"आमच्या गाडीत बी हायेत," ती म्हणाली. रागानं तिचे डोळे भरून आले होते. बाहेर पायरीवर बसून चपला घालता घालता म्हणाली, "रेल्वे तर रेल्वे. पण शेगडीला मी हात लावत न्हाई."

सिंधूबाई म्हणाली, "मंग रेल्वेत आमी बी."

दिवेलागणीला धर्मशाळेत परतलो. ओसरीवर संतरामभाऊ पातेल्यापुढं उकिडवे बसले होते, मनगटापर्यंत काजळी. उपाशी माणसं किती वेळ वाट बघणार? शेवटी बाप्यांनीच खिचडी टाकली होती. नळाचं पाणी मुळातच खारं, हे त्यांना कुठं माहीत! त्यात घरच्यासारखं मुठीनं मीठ घातलेलं.

"आमचं सामान उतरवा टपावरून," रूपाबाई म्हणाली. "आमी तिघी रेल्वेनं जातो."

संतरामभाऊंनी तिच्याकडे न बघताच तीन ताटं वाढली. "सामान राहू द्या. जेवून घ्या. सकाळी गाडी लवकर निघणार हाय," असं पुटपुटत त्यांनी ताटं आमच्यापुढं सरकवली.

सिंधूबाईनं पहिला घास तोंडातून परत काढला. माझ्या तर घशाखाली उतरेना. रूपाबाई मात्र ऐसपैस मांडी घालून, एकेक घास चावून, सगळ्यांच्या देखत जेवली. ताट बोटांनी निपटलं आणि संतरामभाऊंपुढं धरलं.

"वाढा भाऊ, अजून वाढा."