बाळकुमच्या सुनेची शपथ

सरकारी हॉस्पिटलच्या खाटेवर बाई हळदीसारखी पिवळी पडली होती. थंडीतापाने खाट हलत होती. आणि तिची मुलगी भावजयीच्या झिंज्या धरून ओरडत होती, "हिनेच घातलं काहीतरी! माझी आय हत्तीण होती, हिने काडी केली!"

मी झिंज्या सोडवल्या. नव्वदच्या दशकातली ही केस अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा ठाणे शहरात हवालदार होते. लिहायचं काम दुसरे करत, बायकांशी बोलायचं माझ्याकडे. मुलीने सकाळीच चौकीत तक्रार दिली होती. आई बाळकुमला मुलगा-सुनेकडे राहते, सुनेच्या हातचं तळलेलं खाल्लं की पोट धरून लोळते, ओकते. त्यामुळे डॉक्टरही विषच शोधत होते. घरातला तळलेला मासा आम्ही नमुना म्हणून सील केला. पण तोच मासा मुलगाही जेवला होता, आणि तो ठणठणीत उभा होता.

सुनेला चौकीत आणलं. ती तोंड उघडेना. विष घालणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या सगळ्यांत मोठ्याने रडतात. ही रडतही नव्हती.

"काय लपवतेस गं?"

"आईंनी एकवीरेची शपथ घातलीय, बाई."

"आई गेली तर शपथ काय चाटायचीय? बोल. देवीला सांग, पोलिसाने मोडायला लावली. पाप माझ्या नावावर."

मग ती बोलली. सासूच्या पोटावरचे जुने टाके घरचे समजत तसे अल्सरच्या ऑपरेशनचे नव्हते. वजन उतरवायला तिने मुंबईत ऑपरेशन करून जठरच लहान करून घेतलं होतं. लोक हसतील म्हणून पोटच्या पोरांनाही अल्सर सांगितला. सोबत गेली ती फक्त ही सून.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"हे आधी सांगायचं ना, बाई! अशा ऑपरेशननंतर वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. मग तेलकट खाल्लं की कळ येते."

सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. एक खडा नळीत अडकून आत पू झाला होता. बाईला तसंच ऑपरेशनला घेतलं.

बाहेर नणंद कुरकुरली, "मला सांगायला काय झालं होतं हिला?"

"ताई, तुम्ही झिंज्या सोडल्या असत्या तर ना," सून म्हणाली.

गप्प बसलेल्या माणसाला चौकीत मार खाताना मी पुष्कळ पाहिलं. या केसनंतर मी आधी एवढंच विचारायचे, कुणासाठी गप्प आहेस? बऱ्याचदा उत्तर यायचं.

सासू वाचली. बाळकुमला, त्याच सुनेकडे, पुष्कळ वर्षं जगली.