सॉरीचं दुखणं

आग लागो त्या सॉरीला! मी शाळेत इंग्रजी शिकवते. पहिल्याच आठवड्यात मुलांकडून हा शब्द घोकून घ्यायचे. आता तो जिभेवर आला तरी तोंड कडू होतं.

माझी ताई हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकोणीस वर्षं चादरींना इस्त्री करायची. तिथलं मशीन केवढं तरी मोठं. तापलेला रूळ आणि त्याच्यापुढे एक दांडी. हात दांडीला लागला की मशीन जागच्या जागी थांबायचं. पण ते सारखं थांबतं, काम रेंगाळतं, म्हणून मॅनेजरने ती दांडीच काढून टाकली. आठवड्याभरात ताईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

टाके निघायच्या आत मेला मॅनेजर घरी हजर! "सॉरी हं ताई," म्हणाला आणि कागद पुढे केला. 'अपघात माझ्याच निष्काळजीपणामुळे झाला.' खाली सही केली तर नोकरी राहणार. चोर तो चोर, वर शिरजोर!

ताईने कागद ठेवून घेतला. तो गेल्यावर मला म्हणाली, "पाचदा सॉरी म्हणाला. नक्की अर्थ काय गं त्याचा?"

मी तणतणतच जाडा शब्दकोश काढला. जुन्या इंग्रजीत जखमेला, वेदनेला जो शब्द होता, त्यातून हा आलेला. सॉरी म्हणजे ज्याला स्वतःला दुखतंय असा माणूस. पुढे दीनवाणा, भिकार असेही अर्थ चिकटले. आता तर बसमध्ये पाय पडला तरी लोक तो तोंडावर फेकतात.

"असं होय," ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, तुम्हाला कुठे दुखतंय?"

"मला? मला काय झालंय?"

"तेच म्हणते मी." तिने डाव्या हाताने कागद टेबलावर आपटला. "सही करणार नाही. दांडी तुम्ही काढलीत, तसं लिहा. आणि आधी ती परत बसवा."

"नोकरी जाईल, ताई."

"जाऊ दे. आत सहाजणी उभ्या आहेत. त्यांची बोटं शाबूत आहेत अजून."

नोकरी गेलीच. ताईने वरपर्यंत तक्रार केली, तपासणी झाली, दांडी बसली. ताई घरी बसली.

रोज सकाळी तिची वेणी मी घालते. "घट्ट घाल गं," ती म्हणते, आणि त्या मेल्याला शिव्या घालत मी पेड आवळते.