मधल्या घराची कमाई

आमच्या कार्यालयात तिला सगळे 'एक्सरेबाई' म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात; तेवढी टाप कुणाची होती? जिल्ह्यातल्या निवडक घरांत दर तीन वर्षांनी जायचं आणि त्या घराची कमाई लिहून आणायची, हे तिचं काम. जुळणी माझ्याकडे. सगळी घरं गरिबापासून श्रीमंतापर्यंत ओळीत लावायची, बरोबर मधल्या घराची कमाई तो जिल्ह्याचा आकडा. आकडा सरकारी रेषेखाली राहिला तर गावोगाव फिरणारी दवाखान्याची गाडी फुकट. वर गेला की गाडी बंद.

त्यामुळे लोक सर्रास कमाई कमी सांगत. बाई मान डोलवून ऐकायची आणि डोळ्यांनी घर चाचपायची. दारातल्या चपला, न्हाणीतला साबण, तेलाची बाटली. मग ऐकलेला आकडा बाजूला ठेवून स्वतःचा अंदाज लिहायची. तशी मुभाच होती तिला. "लोकांचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे," असं आम्हाला ऐकवायची. तिचा अंदाज सहसा चुकत नसे, आणि म्हणूनच ती असह्य होती.

त्या वर्षी यादीत तिच्या थोरल्या भावाचं घर निघालं. नात्यातल्या घरी दुसऱ्याने जावं असा शिरस्ता. तिने तो धुडकावला. "तुम्हाला तो गुंडाळून ठेवेल. मला नाही." भावाशी तिचं बोलणं कधीच तुटलं होतं. आई गेली तेव्हा जमलेल्या पाहुण्यांसमोर ती त्याला म्हणाली होती, "दादा, तुला बायको पोसता येत नाही, आईला काय खायला घातलं असशील?" वहिनी ते शब्द विसरली नव्हती. कोण विसरेल?

नणंद येणार म्हटल्यावर वहिनीने कंबर कसली. शेजारून पंखा आणला, समोरच्यांकडून खुर्च्या आणि फ्रिज. नवरा लाकूड कापायच्या गिरणीत राबलेला. भुशाने त्याची फुप्फुसं खाल्ली होती. गाडीतून येणाऱ्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर तो दिवस काढत होता. तो सिलिंडरही तिने शेजारी नेऊन ठेवला.

"अगं, गाडी बंद पडेल अशाने," तो म्हणाला.

"आपल्या एका घराने जिल्हा थोडाच श्रीमंत होतोय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

बहीण घरात असेपर्यंत तो इस्त्रीच्या शर्टात, नळीशिवाय, हसत बसून राहिला. बोलला नाही, कारण बोलायला दमच नव्हता. बाई फणकारतच परतली. "पैसा आला की माणसं तोंड उघडत नाहीत!" वहिनीने फुगवून सांगितलेली कमाईही तिला कमीच वाटली. तिने त्यावर आणखी चढवली.

मी ओळ लावली. तळाशी असायला हवं होतं ते घर वरच्या अर्ध्यात गेलं, मधली जागा एका घराने पुढे सरकली आणि जिल्हा रेषेच्या केसभर वर गेला. जिल्हा सुधारला म्हणून साहेबांनी टाळ्या वाजवल्या. गाडी बंद झाली.

थोड्याच दिवसांत वहिनी कार्यालयात आली. सगळ्यांच्या देखत नणंदेपुढे उभी राहिली.

"ताई, तेवढं बदलून घ्या. आम्ही गरीब आहोत."

"सगळे हेच म्हणतात, वहिनी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"पंखा शेजारचा होता."

"आणि फ्रिज?"

"तोही. खुर्च्यासुद्धा."

बाई आमच्याकडे बघून हसली. "मग घरातलं स्वतःचं काय होतं?"

"तुमचे भाऊ," वहिनी म्हणाली. "तेही आता राहत नाहीत. सिलिंडर संपत आलाय."

"दादा चांगला ठणठणीत बसला होता माझ्यासमोर. नाटकं पुरे." तिने पुढची फाइल ओढली. आमच्यातलेही काही जण हसले. वहिनी निघून गेली. मला तिथे त्या बाईच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती, पण साहेब समोर होते.

त्याच आठवड्यात भाऊ गेल्याचा निरोप आला. आम्ही दोघं-तिघं बाईबरोबर गेलो. खोलीत काही नव्हतं. एक चटई, एक चूल, भिंतीशी रिकामा सिलिंडर. बाई दारातच थांबली. ती खोली ओळखायला तिला क्षणही लागला नाही. गिरणीच्या मजुराची, ओळीच्या तळातली खोली होती ती.

"वहिनी, मला सांगायचं तरी!" ती ओरडली.

"सांगितलं होतं की, ताई," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही. "सगळ्यांसमोर सांगितलं होतं." आणि थोडं सरकून तिने नणंदेला चटईवर जागा करून दिली.