गाडीचा आवाज बसला

इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. हे विधान माझं नाही, त्यांचं स्वतःचं आहे. पण गेल्या पंचवीस वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच ते लोकांना सांगत फिरतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. सेलूजवळच्या एका गावात त्यांचं शेत आहे. वांगी, फुलकोबी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर असा भाजीपाला काढायचा आणि स्वतःच्या पिकअपमध्ये भरून बाजारोबाजारी विकायचा, हा त्यांचा धंदा. खरं काम मात्र ऐकण्याचं. गावात कुणाचा ट्रॅक्टर धाप टाकायला लागला, कुणाचा डिझेल पंप अडखळायला लागला, की तो आधी यांच्या अंगणात यायचा आणि मग गॅरेजात जायचा. साडभाऊ डोळे मिटायचे, मान डावीकडे कलती करायचे आणि हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. सूप घेऊन बसलेल्या ताईंनाही पाखडणं थांबवावं लागायचं. मग निकाल लागायचा. "दोन नंबरचा नोझल. बाकी काईच खोलू नका." आणि तो दोन नंबरचाच निघायचा.

मी आर्वीच्या एसटी डेपोत कारकून आहे. दिवसभर इंजिनांच्या गराड्यात बसूनही मला चालू इंजिन आणि बंद इंजिन एवढाच फरक कळतो, आणि याबद्दल त्यांनी मला कधीच माफ केलं नाही. "बाबूसाहेब, तुमी डेपोत बसता का देवळात?" असं ते दर भेटीत विचारायचे. एकदा एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. साडभाऊंनी बुंदीचा घास हातातच थांबवला, कान टवकारले आणि उठून मांडवामागे गेले. जनरेटर खोकतोय, अर्ध्या तासात जाईल, असं त्यांनी डेकोरेशनवाल्याला सांगितलं. त्याने त्यांना पाहुणे समजून परत जेवायला बसवलं. अर्ध्या तासाने मांडवात अंधार झाला. सगळीकडे आरडाओरडा चालू असताना माझ्या शेजारून मात्र अगदी तृप्त आवाज आला, "बुंदी वाढा बाप्पा आता."

तर अशा या माणसाने चार वर्षांपूर्वी एक दिवस जाहीर केलं, "गाडीचा आवाज बसला." गाडी जुनी, सेन्सर वगैरे भानगडी यायच्या आधीची, पण धडधाकट होती. आम्हाला तिच्या आवाजात काहीच फरक जाणवला नव्हता. "तुमाले कसा जाणवन?" ते म्हणाले, आणि विषय संपला. गाडी आतल्या आत कोंडून राह्यली, तिले मोकळा श्वास पायजे, असं निदान करून ते सेलूच्या एका वेल्डरकडे गेले आणि सायलेन्सर कापून त्याच्या पोटातल्या जाळ्या काढून टाकल्या. सायलेन्सर बाहेरून नुसता डबा दिसतो, पण आवाज जिरवायला त्याच्या आत पडदे आणि जाळ्या असतात, हे ज्ञान मला तेव्हा झालं. कारण त्यातली एक जाळी त्यांनी आमच्या घरी आणून थेट चहाच्या कपाशेजारी ठेवली. "हे पाहा, हे अडकलं होतं तिच्या गळ्यात." डॉक्टरने काढलेला मुतखडा दाखवावा तसा त्यांचा चेहरा होता. माझ्या बायकोने जाळी उलटसुलट करून पाहिली आणि यावर पापड छान भाजता येतील म्हणून ठेवून घेतली.

सहा महिन्यांत आवाज पुन्हा बसला. मग सायलेन्सरचा रिकामा डबा आणि मूळची नळी काढून बोअरचा उरलेला लोखंडी पाइप लावण्यात आला. तो इतका जड होता की खड्डा आला की रस्त्यावर घासायचा आणि ठिणग्या उडायच्या. साडभाऊंना हे माहीत नव्हतं, त्यांच्या मागून येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. नंतर तो पाइप मागच्या चाकाच्या पुढून बाजूला काढला. त्या आठवड्यात आर्वीच्या बाजारात त्यांनी गाडी चालू केली, आणि शेजारच्या लसूणवालीची सालं उडाली ती थेट पलीकडच्या जिलेबीवर जाऊन बसली. साडभाऊंनी दोघांची बराच वेळ समजूत काढली, पण गाडी बंद न करता. मग पाइप केबिनच्या मागून वर नेला, ट्रॅक्टरला असतो तसा. आता धूर माणसांच्या डोक्यावरून जाणार हे खरं. पण केबिनच्या मागे भाजी असते, ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नाही आणि वेल्डरच्याही. फुलकोबी बाजारात उतरली ती काजळी धरून. एका बाईने गड्डा हातात घेऊन विचारलं, "हे कोणती नवी जात हाये भाऊ?" साडभाऊंना खोटं बोलता येत नाही. "जात तेच हाये बाई. गाडीतून आली म्हून अशी दिसते."

प्रत्येक बदलानंतर ते आठवडाभर खूश असायचे, मग पुन्हा चेहरा पडायचा. गाडी गावभर गर्जत होती आणि ते म्हणत होते, बसून राह्यली, बसून राह्यली. आमच्या घरी याचा एक फायदा होता. पिकअप डेपोच्या वळणावर आली की आमच्या ओसरीतली भांडी किणकिणायची, आणि माझी बायको तांदळात एक वाटी वाढवायची. साडभाऊ हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात तयार असायचा. आम्ही हे सगळं त्यांच्या विक्षिप्तपणात जमा केलं होतं. त्यांच्याकडे विक्षिप्तपणाचा एवढा साठा होता की हे त्यात सहज खपून गेलं.

मग एक दिवस डेपोतले एक ड्रायव्हर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. उठसूट तक्रार करणारे ते गृहस्थ नव्हेत. "बाबू, तुमच्या साडभाऊले सांगा ना बाप्पा. आंजीपासून खरांगण्यापर्यंत मी मांगून हॉर्न देऊन राह्यलो, पण माणूस साइडच देईना. खरांगण्याले थांबले तं उतरून बोललो मी. तं मलेच म्हनते, हॉर्न काऊन नाई दिला?"

मी हसलो. ड्रायव्हर हसले नाहीत. ते गेल्यावर माझं हसूही ओसरलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सेलूची बस धरली.

अंगणात ताई सांभाराच्या जुड्या बांधत होत्या आणि साडभाऊ खाटेवर बसून मला गाडीचं दुखणं समजावत होते. आत कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली तशी ताईंनी मला नुसती खूण केली. मी आत जाऊन गॅस बंद करून आलो. साडभाऊंचं बोलणं संपलं आणि त्यांनी ताईंना विचारलं, "आज कुकर नाई लावला का?"  ते विहिरीकडे गेल्यावर ताई जुडीला गाठ मारत म्हणाल्या, "मले मालूम हाये. तीन वर्ष झाले."

"मंग तुमी सांगतलं काऊन नाई त्याईले?"

"कानाचं एकदा-दोनदा बोलून पायलं. म्हनते, तू हळू बोलतं. आता पुरं कसं सांगू? लोकं त्याईच्या कानासाठी तं येत होते आपल्या दारात."

येत होते, असं त्या म्हणाल्या. मागच्या हंगामात शेजाऱ्याने ट्रॅक्टर आणला होता. साडभाऊंनी डोळे मिटून ऐकला आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. तो ऐन पेरणीत वावराच्या मधोमध बसला. शेजारी भला माणूस, एका शब्दाने बोलला नाही. पण तेव्हापासून तो, आणि हळूहळू बाकीचेही, सरळ गॅरेजात जायला लागले. यांचं अंगण टाळून मागच्या पांदणीने. साडभाऊंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच दुपारी ते मला कौतुकाने म्हणाले, "आजकाल गाड्याच चांगल्या निंगून राह्यल्या, बाबूसाहेब. कोणाची बिघडतच नाई." मला फार वाईट वाटलं. सांगायला म्हणून आलो होतो, पण माझ्याने तोंड उघडवेना.

ते शेवटी वेल्डरनेच सांगितलं, आणि तेही न ठरवता. आवाज फारच बसला म्हणून साडभाऊ मला सोबत घेऊन त्याच्याकडे गेले. वेल्डर गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसत ओरडला, "आता काढायले काईच नाई उरलं भाऊ! सायलेन्सर नाईच गाडीले. वाजून राह्यलं ते नुसतं इंजिन हाये!" ओरडला, कारण गाडी चालू होती. शेजारच्या पंक्चरवाल्याने कानात बोटं घातली होती. साडभाऊंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वेल्डरकडे, मग माझ्याकडे. माझेही दोन्ही हात कानांवर होते, हे मला तेव्हा कळलं. मी ते झटकन खाली घेतले, पण उशीर झाला होता.

"मंग मले ऐकू काऊन नाई येत?" ते म्हणाले. हळू म्हणाले असावेत, कारण मला ते नुसतं ओठांवरून समजलं. वेल्डरने खिडकीतून हात घालून गाडी बंद केली आणि उगाच पाने-पकडी गोळा करायला लागला.  परत येताना त्या गाडीत बोलणं तर शक्यही नव्हतं.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत ते दार उघडून बाहेर. "हे काय पाखरावानी टुकटुक लावलं? इंजिन वाजवा ना कोणतं तरी." डॉक्टरीणबाई तरुण होती, समजूतदार होती. इतकी वर्षं पंपाजवळ, मळणी यंत्राजवळ, चालू इंजिनात डोकं घालून काय काय केलं, ते तिने सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "काका, त्या इंजिनांनीच घेतले तुमचे कान." आम्हाला वाटलं आता भडकणार. पण त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे कामी आले."

कानातलं यंत्र मिळालं त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते अंगणात पिकअप चालू करण्याचं. तीन सेकंदांत बंद केली. खाली उतरले ते लालबुंद होऊन. "बाप्पा! हे अशी बोंबलत होती? आन तुमाले कोनाले तोंड नोतं? सांगतलं काऊन नाई मले?"

"सांगतलं," ताई म्हणाल्या. "रोज सांगतलं."

मग त्या गोठ्यात गेल्या आणि कडब्याच्या मागून एक पोतं ओढत घेऊन आल्या. त्यात मूळचा कापलेला सायलेन्सर, नळी, पडदे, जाळ्या, सगळं जपून ठेवलेलं होतं. भंगारवाला दोनदा मागून गेला होता, त्यांनी दिलं नव्हतं. फक्त एक जाळी कमी होती. ती आमच्या स्वयंपाकघरात पापड भाजत होती. माझ्या बायकोने जड मनाने ती परत केली आणि वेल्डरने पापडाच्या डागांसकट ती जागेवर बसवली. पिकअप पुन्हा माणसात आली. त्यानंतर पहिल्यांदा साडभाऊ आमच्याकडे आले तेव्हा ते दारात उभे राहीपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता, आणि भात कमी पडला.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही चहा घेत असताना समोरच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर आला आणि अंगणात थांबला. वर तोच शेजारी होता, पेरणीत ट्रॅक्टर बसलेला. ताईंनी त्याला बोलावलं होतं की तो आपणहून आला, मी विचारलं नाही. "जरा पायता का भाऊ? झटके घेऊन राह्यला," तो म्हणाला. साडभाऊ उठले. कानातलं यंत्र काढून त्यांनी खिशात टाकलं. "याच्यातून सारंच सारखं ऐकू येते. पाखरू बी तेवढंच, इंजिन बी तेवढंच." मग घरातून लांब दांड्याचा पेचकस आणला, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ दातात धरली, म्हणजे इंजिनाची थरथर कानांवाचून थेट दातांतून डोक्यात पोचावी. डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली, हात वर केला. ताईंनी सूप थांबवलं. त्यांना ते ऐकू येणार नव्हतं, तरी थांबवलं.

पेचकस एक-एक करून चार ठिकाणी फिरला, मग पुन्हा एकदा मागे आला. "तीन नंबरचा नोझल," ते म्हणाले. "बाकी काईच खोलू नका." शेजाऱ्याने हात जोडले आणि ट्रॅक्टर घेऊन गेला, समोरच्या रस्त्याने. साडभाऊ तो दिसेनासा होईपर्यंत फाटकात उभे होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बरोबर सांगतलं ना, बाबूसाहेब?"

मला विचारत होते. पंचवीस वर्षांत त्यांनी मला इंजिनाविषयी पहिल्यांदा काही विचारलं, आणि मला त्यातलं काय कळतं! "एकदम बरोबर," मी म्हणालो. ते तसेच रस्त्याकडे पाहत राहिले. यंत्र अजून खिशातच होतं. म्हणून मी त्यांच्याजवळ गेलो आणि पुन्हा सांगितलं. या वेळी ओरडून, पार गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असं.