कांताबाईंचे पाय

आमच्या दारव्ह्याच्या ख्रिस्ती मंडळीत कांताबाईंचे पाय जितक्या लोकांनी पाहिलेत, तितके सिनेमातल्या बाईचेही कोणी पाहिले नसतील. दरवर्षी जोडप्यांचा मेळावा भरतो. त्यात त्यांचे यजमान शमुवेलराव सगळ्यांसमोर गुडघे टेकतात आणि बायकोचे पाय धुतात. प्रभूनं शिष्यांचे धुतले, मग नवऱ्यानं बायकोचे का धुऊ नयेत, ही कल्पना त्यांचीच. माणसं मोबाईल वर धरून उभी राहतात, बायका पदरानं डोळे पुसतात. त्या व्हिडिओच्या जोरावर शमुवेलरावांना उमरखेडपासून पांढरकवड्यापर्यंत प्रवचनाची बोलावणी येतात. एसटीत कंडक्टर होते, आवाज अजून तसाच आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो.

मी पेटी वाजवते. व्यासपीठाला लागून, खाली सतरंजीवर माझी जागा. त्यामुळे इतरांना दिसत नाही ते मला दिसतं. पाय धुवायचं कोमट पाणी कांताबाई स्वतःच घरून तापवून आणायच्या. परात त्यांनीच घासलेली, टॉवेल त्यांनीच धुतलेला. कार्यक्रम संपला की सांडलेलं पाणीही त्याच पुसायच्या. शमुवेलराव तोवर पाहुण्यांशी हात मिळवत असायचे. मला हसू यायचं आणि संतापही यायचा.

कांताबाई केळापूरकडच्या. सातवी झाल्या आणि लग्न होऊन इथं आल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबल्या, दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं झाली. शमुवेलरावांनी कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. हे मला ठाऊक आहे, कारण मंडळीपुढं साक्ष द्यायला उभे राहिले की ते स्वतःच सांगतात. पण त्या घरात कुठली भाजी करायची इथपासून मुलीला भेटायला कधी जायचं इथपर्यंत सगळं एकाच माणसाला विचारून व्हायचं.

आमचे पाळक शिकवायचे ते चांगलंच होतं, त्यांना दोष कशाला देऊ. नवरा-बायकोनं एकमेकांच्या अधीन राहावं, दोघांनीही. नवऱ्यानं बायकोला आपल्या शरीरासारखं जपावं, कारण आपल्या शरीराची हेळसांड कोणी करत नाही. कांताबाईंनी आपल्या वाट्याचं शिक्षण ऐकून घरी नेलं. शमुवेलरावांनी आपल्या वाट्याचं मंडळीतच ठेवलं. शरीराचं म्हणाल तर त्यांच्या टाचेला साधं कुरूप झालं तेव्हा ते नागपूर गाठून आले, आणि पुढं कितीतरी दिवस कांताबाई शेक देत बसल्या होत्या.

कांताबाईंना शुगर. गेल्या हिवाळ्यात चपलेचा खिळा उजव्या तळव्यात घुसला आणि त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा जखम खोल गेली होती. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, ताबडतोब यवतमाळला दाखवा. त्यांनी घरी विचारलं. शमुवेलराव म्हणाले, "मेळावा होऊ दे, मंग पाहू."

मी चिडले. म्हटलं, "चला माझ्यासोबत, आज जाऊन येऊ."

"त्याईले न ईचारता कशी येऊ, बाई? मंग ऐकनं कायचं अन् अधीन राहनं कायचं?"

"आणि त्यांनी तुमचं ऐकायचं, ते?"

त्या म्हणाल्या, "त्याईनं पाह्यलाच नाही न पाय. मी नुसतं तोंडानं सांगतलं. मेळाव्यात पाय हातात घेतीन तं दिसनच त्याईले. मंग स्वतःच म्हनतीन, चाल."

त्या बाईनं चाळीस वर्षांचा संसार त्या एका क्षणावर लावून ठेवला होता. पाय काळा पडत होता आणि त्या मेळाव्याची वाट बघत होत्या.

मेळाव्याच्या दिवशी त्या मुद्दाम पट्टी सोडून उघड्या पायानं खुर्चीत बसल्या. मी गीत धरलं. शमुवेलराव गुडघ्यावर आले, उजवा पाय हातात घेतला, पाणी ओतलं. खाली पाहिलं. त्यांचा हात थांबला. त्यांनी पाहिलं, मी शपथेवर सांगते. कांताबाई त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होत्या.

शमुवेलरावांनी टॉवेल त्या पायावर टाकला आणि ओठ न हलवता म्हणाले, "डावा दे."

समोर सगळे मोबाईल होते. डावा पाय त्यांनी सावकाश धुतला, बोटाबोटांतून पुसला. मग उठून माईक घेतला आणि बायको म्हणजे नवऱ्याचाच देह कसा, ते सांगू लागले. माझी बोटं पेटीवर थांबली. लोकांना वाटलं मी सूर विसरले.

कांताबाई उठल्या आणि बाहेर चालू लागल्या. बाई भारावली, असं कोणीतरी म्हणालं. मी पेटी तशीच टाकून मागं गेले. समोरच अब्दुल गनींचं गॅरेज आहे. कांताबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, यवतमाळले नेता काय?"

अब्दुल गनी खाली वाकले. "या अल्ला. भाभी, ये पाँव कब से ऐसा है?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी शटर ओढलं आणि दुरुस्तीला आलेली एक जीप बाहेर काढली.

यवतमाळच्या डॉक्टरनं पाहिलं आणि आवाज चढवला. थोडे दिवस आधी आणलं असतं तर फार तर एक बोट गेलं असतं. आता अर्धं पाऊल काढावं लागेल. काढलं.

शमुवेलराव दुसऱ्या दिवशी आले. मेळाव्याचे पाहुणे होते, जेवणं होती, निघता आलं नाही म्हणाले. सोबत मंडळीचे चार पंच आणि डझनभर केळी. कांताबाईंनी त्यांना खाटेजवळ बोलावलं.

"एकडाव पाय पाहून घ्या."

"पह्यले प्रार्थना करू," शमुवेलराव म्हणाले, आणि पंचांकडे वळून, "डोळे मिटा."

सगळ्यांनी मिटले. ते आवाज लावून मागू लागले. तेवढ्यात सिस्टर पट्टी बदलायला आली. म्हणाली, "पेशंटच्या घरचं कोणी आहे का? जरा पाय उचलून धरा." शमुवेलराव हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांचे डोळे मिटलेलेच राहिले, आवाज तेवढा वाढला. हे प्रभू, माझ्या देहाच्या या भागाला बरं कर.

सिस्टर त्यांच्या खांद्याला हात लावणार होती. कांताबाईंनी तिला थांबवलं.

"राहू दे व सिस्टर. त्याईले डोये उघडा लागतीन."

मग पाय मी धरला. पट्टी सुटत गेली तसं मी सगळं पाहिलं. खाटेभोवती चारही पंचांनी आमेन म्हटलं. मी म्हटलं नाही, आणि कांताबाईंनीही नाही.